कॅप्शन टाकले की झालं, असं वाटलं होतं

डॉक्टरांची अपॉइंटमेंट आणि व्हिडिओ कॉल असं अ‍ॅप करत होतो. हेल्पचे व्हिडिओ होते त्यांना कर्णबधिर युजरसाठी कॅप्शन टाकले, डब्ल्यूसीएजीच्या (वेबसाइट-अ‍ॅप सगळ्यांना वापरता यावेत म्हणून केलेली नियमावली) ए लेव्हलला, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीला, रेकॉर्डेड व्हिडिओसाठी कॅप्शन मागितलेत, चेकलिस्टवर टिक मारून मोकळा झालो. मग कर्णबधिर युजर टेस्टिंगला बोलावले, सोबत साइन लँग्वेजचा इंटरप्रिटर.

पहिल्या बाई लॉगिनलाच अडकल्या. एसएमएस आला नाही की आमचं अ‍ॅप आपोआप फोन करून ओटीपी बोलून दाखवायचं. फोन थरथरला, त्यांनी उचलला, स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. काय बोलणार मी! आता तिथे ईमेलचा पर्याय दिलाय.

पुढे 'आपली विनंती प्रक्रियाधीन आहे' पाशी दोघं थांबले. मी म्हटलं वाचता येतंय ना, मग अडलं कुठे, तर इंटरप्रिटरने समजावलं की यांची पहिली भाषा साइन लँग्वेज, तिचं व्याकरण वेगळं, लिहिलेलं वाचायचं म्हणजे दुसऱ्या भाषेत वाचणं. (तसंही ते वाक्य मलासुद्धा सरकारी वाटायचं.) 'डॉक्टरांनी अजून हो म्हटलेलं नाही' असं केलं आणि शेजारी घड्याळाचं चित्र.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला व्हिडिओ कॉलने. ज्याचा आवाज येतो त्याचा चौकोन मोठा होणार असं सेटिंग होतं, हाताने बोलणाऱ्याचा आवाज कुठून येणार, त्यामुळे बाई कायम कोपऱ्यात आणि मी मोठा. शिवाय उभ्या स्क्रीनमध्ये बसवायला आम्ही व्हिडिओ कापायचो, त्यात हातच गायब. आता चौकोन पिन करता येतो आणि माणूस कंबरेपर्यंत दिसतो. नेट स्लो झालं की चित्र शार्प ठेवून फ्रेम (व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रं) गाळल्या जायच्या, बोटं नुसती उडी मारल्यासारखी दिसायची. वेबआरटीसीमध्ये (ज्यावर आमचा व्हिडिओ कॉल चालतो ते तंत्र) डिग्रेडेशन प्रेफरन्स, म्हणजे नेट कमी पडलं तर आधी काय सोडायचं ते सेटिंग, 'मेंटेन फ्रेमरेट' केलं, चित्र थोडं धूसर झालं तरी चालतं पण सेकंदाला २५ च्या आसपास फ्रेम हव्यातच. ही एक ओळ सापडायला मला चार दिवस लागले.

दुसऱ्या राउंडला त्याच बाई आल्या. ईमेलवरून लॉगिन झालं, दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून फोन पाण्याच्या बाटलीला टेकवला, कॉल लागला. त्यांनी भराभर काहीतरी साइन केलं, मी खुशीत इंटरप्रिटरकडे बघितलं. तो म्हणाला, "त्या म्हणतायत खिडकीकडे पाठ करून बसू नका, तुमचं तोंड काळं दिसतंय."