हौद चकचकीत केला आणि मासे गमावले

नाशिकला गंगापूर रोडवरील आमच्या घरामागे काळ्या दगडात बांधलेला एक हौद आहे. आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि अडीच फूट खोल, म्हणजे सुमारे 2800 लिटर पाण्याचा. त्यात आम्ही अकरा गोल्डफिश सोडले होते. पहिले दीड वर्ष मी देखभाल अशी काही केलीच नाही. पाणी कमी दिसले की नळी लावायची आणि सकाळ-संध्याकाळ दाणे टाकायचे, एवढेच. त्यानंतरच्या दिवाळीत घराची झाडलोट उरकल्यावर उत्साहाच्या भरात मी हौदही उपसायला घेतला.

मासे टबमध्ये काढले, दगडांवरचे शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडले, तळातला काळा, उग्र वासाचा गाळ घमेल्याने बाहेर टाकला आणि फिल्टरचे दोन्ही स्पंज नळाखाली धरून, पिळून पिळून पिवळेधमक होईपर्यंत धुतले. संध्याकाळी तळातला खडान् खडा दिसत होता. तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमिट करू लागले, आणि पाचव्या दिवसापर्यंत चार मासे मेले. त्यातल्या एकाचे कल्ले उचलून पाहिले, तर ते भाजल्यासारखे लालभडक झाले होते.

मासे विकणाऱ्या ओळखीच्या दुकानदारांकडे गेलो, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "काका, स्पंज कोणत्या पाण्यात धुतलात?" उत्तर ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया सुटतो. स्पंजवर आणि दगडांवर वाढलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. मी ज्याला घाण समजत होतो, त्यातच हे जिवाणू वस्तीला होते. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने आणि माझ्या ब्रशने ती वस्ती एका दिवसात उठवली आणि अमोनिया साचत गेला. क्लोरीनचा कल्ल्यांना झालेला त्रास वेगळाच.

उरलेले सात मासे वाचवण्यासाठी दाणे जवळजवळ बंद केले, हवेचा पंप चोवीस तास चालू ठेवला आणि रोज थोडे थोडे पाणी बदलले. दुकानदारांनी त्यांच्या टाकीतला एक जुना, मळका स्पंज दिला, तो फिल्टरमध्ये बसवला. टेस्ट किटच्या नळीतला अमोनियाचा हिरवा रंग उतरून पिवळा व्हायला जवळपास सहा आठवडे लागले. थंडीत हे जिवाणू सावकाश वाढतात, त्यामुळे घाई करण्यात अर्थ नव्हता.

आता दर रविवारी तळातून साधारण 400 लिटर पाणी गाळासकट नळीने ओढून काढतो. ते मोगऱ्याला आणि कढीपत्त्याला जाते, आणि ती झाडे यंदा जी फोफावली आहेत, ती खतापेक्षा या पाण्यामुळेच, असे माझे मत आहे. बदलीचे पाणी आदल्या दिवशी दोनशे लिटरच्या दोन उघड्या ड्रममध्ये भरून ठेवतो, म्हणजे क्लोरीन उडून जातो. एका वेळी एकच स्पंज, तोही हौदाच्याच पाण्याच्या बादलीत, दोनदा दाबून सोडायचा. तो पूर्ण स्वच्छ दिसू लागला, तर जास्त धुतला असे समजावे. आटलेल्या पाण्याची भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे, हेही मला उशिराच कळले. वाफ होऊन पाणी जाते, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात.

ऋतूप्रमाणे काम बदलते. मे महिन्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, त्यात शेवाळही रात्री तो वापरते, म्हणून पहाटेची वेळ सर्वांत धोक्याची. दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा बॅटरीवरचा छोटा पंप लावतो आणि दुपारी हौदावर हिरवी जाळी ओढतो. ती जाळी ढोकरी आणि खंड्या यांच्यापासूनही बचाव करते. एक मासा ढोकरीने माझ्यादेखत उचलला होता. पावसाळ्यात बागेतली माती वाहून येऊ नये, म्हणून काठ चार इंच उंच करून घेतला. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात माशांचे पचन मंदावते, तेव्हा दाणे फक्त दुपारी आणि चिमूटभर.

गावी जाताना दाण्यांचा डबा आता कपाटात कुलपात ठेवतो. मागे एकदा शेजारच्या काकूंनी प्रेमापोटी तीन दिवसांत निम्मा डबा रिकामा केला होता आणि परतल्यावर पाण्यावर तवंग आलेला दिसला होता. धडधाकट मोठे मासे आठवडाभर दाण्यांवाचून सहज राहतात, हे त्यांना समजावले. तरी "बिचारे उपाशी राहतात हो," असे त्या दरवेळी म्हणतात. पंप चालू आहे ना, एवढे मात्र त्या दिवसातून दोनदा न चुकता पाहून जातात.