अंक मोठे, टक्के बारीक

फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेचा डाऊ जोन्स, म्हणजे तिथल्या शेअर बाजाराचा निर्देशांक, एका दिवसात ११७५ अंकांनी आपटला तेव्हा जिकडेतिकडे एकच हेडलाइन, आत्तापर्यंतची सगळ्यात मोठी घसरण वगैरे, आणि मी खरंच हादरलो होतो. नंतर नीट बघितलं तर ती घसरण होती ४.६ टक्के. १९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ फक्त ५०८ अंक पडला होता, पण ते होते २२.६ टक्के! म्हणजे हेडलाइन खोटी नव्हती हां, अंकांत बघितलं तर रेकॉर्डच होतं ते, पण टक्के लिहिले असते तर क्लिक कोणी केलं असतं.

बातमीतला बायस, म्हणजे एका बाजूला झुकणं, म्हटलं की आपल्याला वाटतं कोणीतरी पैसे खाऊन बातमी लावली. तसंही होतं, नाही असं नाही. पण बऱ्याचदा प्रकार साधा असतो, रिपोर्टरला डेडलाइनच्या आत कोट हवा असतो आणि लगेच फोन उचलतो कोण, तर कंपनीचा पीआरवाला नाहीतर ब्रोकरेजचा, म्हणजे शेअर खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीचा, अ‍ॅनालिस्ट. ज्याच्या कंपनीकडे एखादा शेअर आधीच आहे तोच टीव्हीवर येऊन त्या शेअरला "अजून वाव आहे" म्हणतो आणि डिस्क्लोजर, म्हणजे आपला त्यात हितसंबंध असल्याची कबुली, खाली मुंगीच्या अक्षरात पळत असतं. मी एकदा असंच ऐकून एक शेअर घेतला, डिस्क्लोजर वाचलं ते तो निम्म्यावर आल्यावर. असो.

मग लोक म्हणतात दोन्ही बाजू द्या, झाला बॅलन्स. मला नाही पटत. वायरकार्डचंच बघा ना. या जर्मन पेमेंट कंपनीच्या हिशेबांवर फायनान्शियल टाइम्स हा ब्रिटिश पेपर कितीतरी वर्षं प्रश्न विचारत होता, तर २०१९ मध्ये तिथल्या नियामकाने, बाफिनने, शेअर शॉर्ट करायलाच, म्हणजे भाव पडेल यावर पैसे लावायलाच, दोन महिने बंदी घातली आणि वर त्या पेपरच्या पत्रकारांविरुद्ध फौजदारी तक्रार केली. चोर सोडून संन्याशाला फाशी! जून २०२० मध्ये कंपनीनेच सांगितलं की खात्यातले १.९ अब्ज युरो बहुतेक अस्तित्वातच नाहीत, आणि काही दिवसांत दिवाळखोरीचा अर्ज. कंपनीचा खुलासा छापायलाच हवा, त्यात वाद नाही. पण हा असं म्हणतो, तो तसं म्हणतो, वाचकांनी ठरवावं, असं करून सगळे मोकळे झाले असते तर? वाचक काय बँकेत जाऊन बॅलन्स बघणारे? कागद काढून, लोकांना भेटून तपासायचं काम बातमीदाराचंच ना.

आता "नफा दुप्पट" वाचलं की मी आधी मागच्या वर्षीचा आकडा शोधतो, बऱ्याचदा तोच इतका मरतुकडा असतो की दुप्पट होणं काही मोठी गोष्ट नसते. हे सगळं शहाणपण दुसऱ्यांच्या शेअर्सपुरतं बरं का. माझ्याकडच्या कंपनीबद्दल परवा वाईट बातमी आली तर मी आकडा बिकडा काही बघितला नाही, सरळ म्हटलं हा पेपर विकला गेलाय.