चिठ्ठीवरचा अडलेला पाठ

गेल्या पावसाळ्यातली आमच्या केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची बैठक. बाहेर धो धो पाऊस, वर्गात दुपारीच अंधारून आलेलं, आणि माझ्या शेजारी बसलेल्या गुरुजींच्या हातात मुलाने घेऊन दिलेला नवा मोबाइल. त्यांना कॅमेरा उघडायचा होता. बोट नुसतं टेकवायचं की दाबून धरायचं, याचा अंदाजच येत नव्हता. दाबलं की भलतंच काहीतरी उघडायचं आणि गुरुजी घाईघाईने फोन पालथा घालायचे. एकोणतीस वर्षं खडू धरलेलं बोट ते. टोक खरखरीत, त्यात छत्री मिटताना ओलं झालेलं. मी रुमाल पुढे केला. त्यांनी बोट नीट पुसलं, पंख्याच्या बटणाला लावावं तसा जोर न लावता अलगद टेकवलं, आणि कॅमेरा उघडला.

मी फोन हातात घेतला असता तर दोन सेकंदांचं काम होतं. गुरुजींना चार-पाच मिनिटं लागली. तेवढा वेळ मी दोन्ही हात पाठीमागे बांधून बसले होते. माझा हा नियम आहे, आणि तो मी फार उशिरा शिकले.

मी अकोले तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द आमच्याकडे रुळला तेव्हापासून तो माझ्यामागे आहे. २२ जून २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला आणि पुढची दोन-तीन वर्षं आम्ही भारल्यासारखे काम करत होतो. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची शाळा बघायला कुठून कुठून शिक्षक जायचे. वाडीतली पोरं टॅबवर शिकताना बघून परत यायचे ते आपल्या गावात लोकवर्गणी उभी करायच्या निश्चयानेच. मोलमजुरी करणाऱ्या आई-बापांनी शाळेसाठी शंभर-दोनशे रुपये काढून दिलेले मी पाहिले आहेत. लाइट नसलेल्या शाळांनी मोबाइलपुढे मोठं भिंग लावलं आणि त्यात चित्र मोठं करून पोरांना दाखवलं. २०१७च्या शिक्षकदिनी अभ्यासाचं साहित्य देणारं सरकारी दीक्षा अ‍ॅप सुरू झालं, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, त्या रात्री आमच्या ग्रुपवर कुणी झोपलं नसेल. आपल्यासारखाच जिल्हा परिषदेचा शिक्षक! त्या सगळ्याचा मला आजही अभिमान आहे.

पण त्याच वर्षांतल्या प्रशिक्षणांबद्दल मनात एक सल आहे, तो आज लिहूनच टाकते.

एका प्रशिक्षणात आम्ही ऐंशी-नव्वद शिक्षक एका हॉलमध्ये होतो. पडद्यावर एक मार्गदर्शक भराभर क्लिक करत होते. आधी इथे जा, मग इथे, मग हे डाउनलोड करा. हॉलमध्ये रेंज नव्हती, त्यामुळे डाउनलोड कुणाचंच झालं नाही. पुढच्या दोन रांगांतली तरुण मुलं वहीत लिहून घेत होती, मागच्या रांगांतल्या बाया आणि वयस्कर गुरुजी माना डोलवत होते. संध्याकाळी लिंक आली, ती भरली की हजेरी, आणि चार दिवसांनी प्रमाणपत्र. माझ्या शेजारच्या बाईंनी जाताना विचारलं, “बाई, हे सगळं खरं, पण माझी दुसरीची पोरं जोडाक्षराला अडतात, त्याला यातलं काय लागू पडेल?” मला उत्तर देता आलं नाही. मार्गदर्शकांनाही विचारायची सोय नव्हती, ते पुढच्या तालुक्याला निघाले होते.

नंतर मी स्वतः साधनव्यक्तींच्या, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्यांच्या, मदतीला उभी राहू लागले तेव्हा मीही तेच केलं. कुणाचा फोन अडला की त्यांच्या हातातून घ्यायचा, झटझट बोटं चालवायची आणि “झालं बघा” म्हणून परत द्यायचा. त्यांना वाटायचं, बाई हुशार आहेत. शिकत कुणीच नव्हतं. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे उघडं पडलं. प्रमाणपत्रं सगळ्यांच्या फायलीत होती आणि पहिल्याच आठवड्यात मला दिवसाला तीस-तीस फोन येत होते, “बाई, व्हिडिओ पाठवायचा कसा?” पोरांकडे तर फोनच नव्हते, ते दुखणं निराळंच.

बीएडला आम्हाला ‘आशययुक्त अध्यापन’ हा विषय होता. काय शिकवायचं आणि कसं शिकवायचं, या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. अपूर्णांक शिकवण्याची हातोटी वेगळी, कविता शिकवण्याची वेगळी. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या दोन शिक्षण-संशोधकांनी २००६मध्ये त्यात तिसरी गोष्ट जोडली, तंत्रज्ञानाची. त्यांचं म्हणणं असं की नुसतं साधन वापरता येणं हे शिक्षकाचं ज्ञान नव्हे. हा आशय, ही पद्धत आणि हे साधन कुठे एकमेकांना धरून चालतं, ते कळणं हे ज्ञान. मला हे वाचून हायसं वाटलं. आमच्या प्रशिक्षणात साधन होतं. आशय घरी ठेवून या, असं जणू सांगितलेलं होतं.

म्हणून आता मी परिषदेत फोन काढायच्या आधी कोऱ्या चिठ्ठ्या वाटते. एकच प्रश्न. तुमचा दरवर्षी अडणारा पाठ कोणता? नाव लिहायचं नाही, वर्ग लिहायचा.

पहिल्यांदा लोक बिचकतात. आपला पाठ अडतो हे कबूल करायला आपल्याकडे जागाच नसते. तपासणीला येणाऱ्यांपुढे तर नाहीच नाही. पण एकदा लिहायला लागले की भरभरून लिहितात. घड्याळातले ‘पावणे’ आणि ‘सव्वा’. हातच्याची वजाबाकी. कोनमापक धरणं. इंग्रजीची कविता, कारण उच्चाराची मलाच खात्री नाही. पहिलीची पोरं घरी ठाकर समाजाची ठाकरी बोली बोलतात, पुस्तकातली भाषा त्यांना परकी. या चिठ्ठ्या घेऊन मी आधी दोन ढीग करते. हातच्याच्या वजाबाकीला मोबाइल नको, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे हवेत आणि ते पोरांनी स्वतः सोडायला हवेत. हे मी स्पष्ट सांगते. तंत्रस्नेही बाईच फोन ठेवा म्हणते, तेव्हा दुसऱ्या ढिगाबद्दल माझ्यावर लोकांचा विश्वास बसतो.

गुरुजींची चिठ्ठी दुसऱ्या ढिगात होती. अक्षर वळणदार, बोरूने काढल्यासारखं. ‘सहावी. वनस्पती सजीव आहेत, त्याही हालचाल करतात, असे मी सांगतो. मुलांना पटत नाही.’

मी म्हटलं, गुरुजी, फोटो काढून दाखवू या. ते जरा रागावले. म्हणाले, “बाई, आमची पोरं बांधावर वाढलेली. त्यांना वाल रुजताना मोबाइलवर काय दाखवायचा? त्यांनीच मला दाखवलाय.” अगदी रास्त बोलणं होतं. आमचा तालुका बीजमाता राहीबाई पोपेरे यांचा. कोंभाळण्याच्या त्या घरात वालाचे किती वाण जपलेले आहेत ते जाऊन बघावं. इथल्या पोरांना वालाची ओळख पडद्यावर करून देणं हा वालाचाही अपमान आहे. पण वाल मान वळवतो तेव्हा ती वळताना कुणालाच दिसत नाही, ना पोरांना, ना गुरुजींना. सकाळी सरळ, संध्याकाळी झुकलेला, एवढंच दिसतं. मधला वेळ डोळ्यांच्या हाती लागत नाही. तो मधला वेळ कॅमेरा धरून ठेवतो.

गुरुजी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग कॅमेरा उघडायचा शिकवा.” तिथे तो रुमाल पुढे आला.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्या शाळेवर गेले. वर्गाला एकाच बाजूने खिडकी. पत्र्याच्या डब्यात माती, त्यात आठ दिवसांचा वाल, दोन जाड पानं सुटलेली. समोर एक वीट, विटेभोवती जमिनीवर खडूने रेघ आखलेली, म्हणजे वीट हलली तरी पुन्हा जागेवर ठेवता यावी. विटेवर फोन कसा टेकवायचा यासाठी पोरांनी बांबूची खोबण करून आणली होती. फोन ठरावीक वेळाने स्वतःच फोटो काढत राहतो त्या टाइम-लॅप्सने हे आपोआप झालं असतं, पण शाळेचा लाइट बिल थकल्यामुळे कापलेला होता आणि गुरुजींना चार्जिंग घरून आणायचं होतं. त्यांनी स्वतःच तोड काढली. प्रत्येक तासिकेची घंटा झाली की पाळीच्या पोराने उठायचं, एक फोटो काढायचा, फोन बंद.

दिवसाचे आठ फोटो झाले. मग डबा फिरवून ठेवला, झुकलेली बाजू भिंतीकडे. दुसऱ्या दिवशी आणखी आठ. आणि एक डबा त्यांनी घमेल्याखाली झाकून ठेवला होता, कारण एका मुलीने विचारलं होतं, “अंधारात तो कुणीकडे बघत असेल?”

फोटो बघायला सगळा वर्ग विटेभोवती बसला. गुरुजींनी पहिल्या फोटोवर बोट टेकवलं आणि सरकवलं. सरकवलं. सरकवलं. वाल हळूहळू खिडकीकडे झुकला. मग दुसऱ्या दिवसाचे, आणि तो उलटा वळून पुन्हा उजेडाकडे आला. गुरुजी बोट मागे नेत, वाल ताठ होई. पुढे नेत, झुके. मागच्या रांगेतला पोरगा गुडघ्यांवर उभा राहून ओरडला, “गुरुजी, तो मान वळवतोय!” वर्ग एकदम गप्प. मग सगळे एकदम बोलायला लागले. आमच्या खळ्यातलं सूर्यफूल, परसातला घेवडा, कुंडीतली तुळस. घमेलं उचललं तर आतलं रोप बाहेरच्यापेक्षा उंच, पिवळं, लुसलुशीत. उजेड शोधता शोधता नुसतं वाढलेलं. मग गुरुजींनी फळ्यावर खोडाचं चित्र काढलं. सावलीकडच्या पेशी जास्त लांब होतात म्हणून खोड दुसऱ्या बाजूला झुकतं, हे खडूने समजावलं, आणि मी इतकं सुंदर फळ्यावरचं शिकवणं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. फोनचं काम सात-आठ मिनिटांचं. बाकी सगळा तास गुरुजींचा.

परत येताना ते म्हणाले, “एकोणतीस वर्षं हे मी तोंडी सांगत होतो.” पुढे काही बोलले नाहीत. मलाही बोलवेना.

अशीच आणखी एका बाईंची गोष्ट. त्यांची चिठ्ठी होती, पोरं उत्तरंच देत नाहीत. त्यांना मी फक्त आवाज रेकॉर्ड करायला शिकवलं. वीस मिनिटांचा स्वतःचा तास टेबलावर फोन ठेवून नोंदवायचा आणि घरी एकटीने ऐकायचा, कुणाला पाठवायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, आवाज भरून आलेला. “बाई, मी प्रश्न विचारते आणि मीच उत्तर देते. पोरांना तोंड उघडायला जागाच नाही.” मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात हेच नोंदवलं होतं. शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम सेकंदभर थांबतात, तेच तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त आणि मोठी उत्तरं देतात. हे प्रशिक्षणात सांगितलं असतं तर त्या बाईंनीही मान डोलवली असती. स्वतःच्या आवाजात ऐकलं, म्हणून लागलं. आता त्या मनात तीन आकडे मोजतात. या सगळ्याला ना इंटरनेट लागलं, ना अ‍ॅप.

वरिष्ठांना माझी विनंती आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची संधी असावी असं म्हटलं आहे. ते तास सलग हॉलमध्ये बसवून संपवू नका. दोन तास शिकवा, मग महिनाभर आपापल्या वर्गात करू द्या, मधे कुणीतरी त्या वर्गावर जाऊन बसा. तपासायला जाऊ नका, बघायला जा. केंद्रप्रमुखांवर इतकी टपालं आणि इतकी माहिती भरण्याचं ओझं आहे की वर्गात बसायला त्यांना वेळ उरत नाही, हे मला माहीत आहे. तेच ओझं आधी कमी करा. आणि शाळेचा लाइट कापला जाऊ देऊ नका. लोकांनी पोटाला चिमटा काढून दिलेला प्रोजेक्टर कपाटात धूळ खातो तेव्हा वर्गणी देणारा बाप शाळेसमोरून रोज जात असतो.

या महिन्याच्या चिठ्ठ्या आल्या आहेत. घड्याळाच्या तीन आहेत, त्याचं जमेल. एक मात्र मी गेले चार दिवस पर्समध्ये घेऊन हिंडते आहे. नवीन रुजू झालेल्या मुलीची असावी, अक्षर तिचंच वाटतं. ‘चौथी. व्हिडिओ लावला की सगळे बघतात. बंद करून पुस्तक उघडा म्हटलं की कुणी उघडत नाही.’

याला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. तिला फोन केला, तर म्हणाली, “ताई, तुम्ही येऊन बघाल का?” बुधवारी सकाळच्या राजूर गाडीने मी तिच्या वर्गावर जाते आहे.