यादी आलीये, भांडणं सुरू

आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, एरवी वर्षभर वाढदिवसाच्या केकांवर जगतो, पण इफ्फीची, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची, यादी आली की खडबडून जागा होतो आणि पहिल्या अर्ध्या तासातच कोणीतरी कोणावर तरी रुसतं. यंदा 20 ते 28 नोव्हेंबर 2025, पणजी, 80 वर देशांतले 240 च्या वर सिनेमे. आता दिवसाला चार धरले तरी नऊ दिवसांत 36, तेही दोन्ही वेळा भाजी-पाववर भागवून, आणि ऑफिस नऊ दिवस कुठलं सोडतंय! म्हणजे दोनशे सिनेमे बसल्या जागी गेलेच.

बरं, निवडायचं कशावरून, तर त्या दोन ओळींच्या कथासारावरून. ते कोण लिहितं देव जाणे, पण सगळं एकाच माणसाने एका बैठकीत लिहिल्यासारखं वाटतं. डोंगरातलं गाव, एक अबोल बाई, वडिलांचं घर विकायचंय, थंडी जवळ आलीये. देश बदलतो, बाईचा स्वेटर बदलतो, बास. म्हणून मी हल्ली आधी मिनिटं बघते. 87 दिसलं की जीव भांड्यात पडतो. 170 असेल आणि शो दुपारी अडीचचा, तर एसीत डुलकी ठरलेली, मग दिग्दर्शक कितीही थोर असो.

उद्घाटनाचा सिनेमा मात्र कथासारावरच आवडून गेला. गाब्रिएल मास्कारो या ब्राझीलच्या दिग्दर्शकाचा द ब्लू ट्रेल, बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल हे बक्षीस मिळालेला. सरकार म्हाताऱ्या माणसांना उचलून एका वसाहतीत पाठवतंय, 77 वर्षांच्या तेरेसाचाही नंबर लागतो, पण तिला त्याआधी एकदा विमानात बसायचंय, म्हणून बाई निघते अॅमेझॉनच्या पाण्यातून बोटीने. मला तर आमच्या सगळ्या मावश्याच दिसायला लागल्या, त्यांना कुणी वसाहतीत पाठवून दाखवावंच.

ग्रुपवरच्या एकाचं तत्त्व ठाम आहे, मोठं बक्षीस मिळालेले सिनेमे सोडायचे, ते ओटीटीवर येतातच, इथे येऊन ते बघायचे जे पुन्हा दिसणार नाहीत. बोलतो तसं बरोबर, म्हणूनच राग येतो. त्याच्या हिशोबाने मी जिम जार्मुशचा फादर मदर सिस्टर ब्रदर सोडलासुद्धा, व्हेनिस महोत्सवाचं सर्वोच्च बक्षीस, सुवर्णसिंह, मिळालंय, पण आईबाप आणि मोठी झालेली मुलं यांच्यातला अवघडलेपणा सोफ्यावर लोळूनही बघता येईल, दिवाळीत घरी फुकट बघितलाच आहे. ओलिव्हर लाशेचा सिरात मात्र नाही सोडणार. मोरोक्कोच्या वाळवंटात रेव्ह पार्टी चाललीये, स्पीकरांच्या भिंती उभ्या आहेत, आणि एक बाप धाकट्या मुलाला घेऊन हरवलेल्या मुलीला शोधतोय. हा लॅपटॉपवर बघणं म्हणजे ढोलताशा पथक इअरफोनवर ऐकणं.

आणि इराणी दिग्दर्शक जाफर पनाही. या माणसावर इराणमध्ये 2010 साली वीस वर्षांची सिनेमाबंदी घातली, त्यानंतर त्याने घरात बसून सिनेमा केला, स्वतः टॅक्सी चालवत केला, आणि आता परवानगी न घेताच केलेल्या इट वॉज जस्ट अॅन अॅक्सिडेंटला कान महोत्सवाचं सर्वोच्च बक्षीस, पाम द'ओर. त्यातला एक मेकॅनिक पूर्वी तुरुंगात छळ सोसलेला, डोळ्यांवर पट्टी असायची त्यामुळे छळणाऱ्याचा चेहरा कधी बघितला नाही, फक्त त्याच्या कृत्रिम पायाची करकर कानात बसलीये, आणि एक दिवस तीच करकर समोर येते. तोच का हा? खात्री कशी करायची? हा सिनेमा ओटीटीवर येईल हे मलाही कळतं हो. पण एका आवाजावर उभी असलेली गोष्ट मी कुकरच्या शिट्ट्यांमध्ये बघू का? तत्त्व गेलं उडत.

तत्त्ववाल्याची मात्र गंमत अशी की त्याच्याच नियमात चपखल बसणारा सिनेमा त्याला दिसलाच नव्हता. बाबूराव पेंटरांचा मुरलीवाला, 1927 चा मूकपट, दुरुस्त केलेली प्रत, सोबत लाइव्ह संगीत! कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा घडवणारा हा चित्रकार; याच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिकून व्ही. शांताराम पुढे 1929 मध्ये प्रभात काढायला बाहेर पडले. आपल्याकडे त्या काळी शेकड्यांनी मूकपट झाले आणि रिळं जळून, कुजून, विकून आज फारच थोडे उरलेत. त्यात वादक समोर बसून वाजवणार म्हणजे तो खेळ त्या दिवसापुरताच. मी ग्रुपवर टाकलं तर पाच अंगठे आले आणि एकाने विचारलं, 'सबटायटल आहेत ना?' मूकपटाला!

राहता राहिला पार्क चान-वूकचा नो अदर चॉइस. कागद कंपनीतून नोकरी गेलेला माणूस ठरवतो की आपल्या जागेसाठी जे जे लायक आहेत त्यांनाच संपवायचं. आयटीतल्या दोघांनी तर अप्रेझलच्या आधी बघायलाच हवा म्हणून लगेच नाव दिलं. आता अडचण एकच, शो पणजीबाहेरही आहेत. पणजीत सीट मिळाली तर उत्तम, पर्वरीला मिळाली तर मांडवी ओलांडायची, तेही चालेल, पण फोंड्याला मिळाली आणि तोही रात्रीचा शो, तर परत यायला बस कुठली? तत्त्ववाल्याकडे स्कूटर आहे. पेट्रोल मी भरीन म्हटलंय, तो म्हणतो आधी मुरलीवालाची सीट माझ्यासाठीही बुक कर, मग बोलू.