मे महिन्यातली भट्टी

मे महिन्यात मी क्रीमच्या केकची ऑर्डर घेत नाही. गिऱ्हाईक कितीही जुनं असलं तरी नाही. सोलापुरात या दिवसांत पारा ४३ अंशांच्या आसपास असतो आणि लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळायला लागतं. म्हणजे एसी नसलेल्या घरात बटरक्रीमचं फूल तासभरसुद्धा उभं राहत नाही. जुळे सोलापुरातून निघालेला केक रिक्षातून सात रस्त्याला पोचेपर्यंत एका अंगाला कललेला असतो. त्यात पैसे घालवण्यापेक्षा रव्याचा आंबा केक घ्या, नानकटाई घ्या, सोबत पन्हं करून देते, असं मी सांगते. बहुतेक जण ऐकतात.

त्या दिवशीची ऑर्डर अशीच होती. आमच्या भागातल्या मुलांच्या उन्हाळी शिबिराचा समारोप, साठ मुलं, संध्याकाळी पाचची वेळ. शिबिर घेणाऱ्या बाईंनी सगळं माझ्यावर सोपवलं होतं. आंबा-रवा केकचे चौकोनी तुकडे, ज्वारीची नानकटाई, पन्हं, मसाला ताक आणि थोडी ज्वारीची आंबील. आंबील मी मुद्दाम ठेवली होती. मुलांना ती पाहुण्यासारखी नवी वाटायला लागली आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सकाळी साडेनऊला लाईट गेली. नेहमीचं म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. दहा वाजता खालच्या मजल्यावरचे काका सांगत आले की ट्रान्सफॉर्मर जळलाय, संध्याकाळशिवाय काही खरं नाही. माझा ओव्हन विजेचा. ओट्यावर दोन मोठ्या पातेल्यांत रवा दही आणि आमरसात भिजत पडलेला. आणि फ्रिजमधलं सगळं हळूहळू घरच्या हवेसारखं व्हायला लागलेलं.

एक गोष्ट मात्र हाताशी होती. रवा भिजला होता, पण सोडा अजून घातला नव्हता. सोडा दह्याच्या आंबटपणाला भेटला की लगेच बुडबुडे सुटायला लागतात, ते कुणासाठी थांबत नाहीत. पीठ अर्धा तास तसंच राहिलं तर केक बसतो आणि कापल्यावर आत गच्च लागतो. बेकिंग पावडरचा काही जोर भट्टीच्या उष्णतेपर्यंत शिल्लक राहतो, नुसत्या सोड्याचा राहत नाही. रव्याला मात्र वेळच हवा असतो. जितका भिजेल तितका मऊ. म्हणून मी सोडा आणि बेकिंग पावडर नेहमी पुडीत बांधून बाजूला ठेवते आणि साचे तयार झाल्यावरच मिसळते.

बेगम पेठेतल्या एका बेकरीत अजून लाकडाची भट्टी आहे. लहानपणी आई मे महिन्यात रवा, मैदा, घरचं तूप आणि पिठीसाखर डब्यात घालून अशाच भट्टीवर जायची आणि दुपारी पत्र्याचा डबाभर नानकटाई घेऊन यायची. सोलापुरातल्या कितीतरी घरांत हे चालायचं. आता घरोघरी ओव्हन आले तसं कमी झालं. मी फोन केला. चाचा म्हणाले, "पाव निकल गया. आ जा. जल्दी आयी तो भी रुकना पडेगा."

रिक्षात पातेली, साचे, नानकटाईचं सामान, आणि मांडीवर सोड्याची पुडी. माझ्याकडे मदतीला येणारी मुलगी एका हाताने तुपाचं भांडं धरून बसली होती. भांड्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. रिक्षावाला वळून म्हणाला, "ताई, एवढ्या उन्हाचं भट्टीपाशी जाताव व्हय?" उत्तर द्यायला आम्हाला वेळ नव्हता. आसरा चौकाच्या पुढे गरम वारा तोंडावर असा आला की पदर नाकावर ओढावा लागला.

भट्टीपाशी पोचलो तर तिथे आणखी दोघीजणी. दोघी घरून केक करणाऱ्या, दोघींकडेही लाईट नाही. एकीचं पीठ सोडा घालून तयार होतं, म्हणून तिला पुढे जाऊ दिलं. पण चाचांनी तिलाही थांबवलं. "अभी नै. अभी डाले तो ऊपर से काला, अंदर कच्चा."

पहाटे आत लाकडं पेटवतात, घुमटाच्या विटा तापल्या की निखारे बाजूला ओढून तळ ओल्या पोत्याने पुसून घेतात, आणि मग त्या साठलेल्या उष्णतेवर सगळा दिवस निघतो. सुरुवातीच्या कडक आचेला पाव. आच उतरली की केक. आणखी उतरली की नानकटाई. अगदी शेवटच्या मंद आचेवर टोस्ट वाळायला टाकतात. माझ्या ओव्हनला मी १८० अंश सांगते आणि तो ऐकतो. इथे भट्टी कुठवर उतरली ते आपण ओळखायचं असतं.

चाचांनी ते कसं ओळखलं, ते मी अगदी जवळून पाहिलं. चिमूटभर मैदा त्यांनी आत तळावर भिरकावला आणि वाकून पाहत राहिले. तो लगेच काळा पडला. त्यांनी दार लावलं. काही वेळाने पुन्हा चिमूट. या वेळी मैदा आधी पिवळट झाला, मग कडेने तपकिरी, आणि मध्यभागी बराच वेळ तसाच राहिला. "अब," ते म्हणाले. त्या बाईंचे साचे आत गेले. मी तेव्हा पुडी सोडली, पातेल्यात सोडा टाकला आणि एकाच दिशेने ढवळून साच्यांत ओतलं. लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून साचे एकेक करून आत सरकले, मागचे आधी, दाराजवळचे शेवटी. काढताना उलटं.

माप विचाराल तर एक वाटी बारीक रव्याला पाऊण वाटी दही, पाऊण वाटी आमरस, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल, एक चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा. रस फार गोड असेल तर साखर कमी करा. अंडं नाही, लोणी नाही, वर लावायला काही नाही. घरच्या ओव्हनला साधारण चाळीस मिनिटं लागतात.

नानकटाईचं काम खरं अवघड होतं. तूप थिजलेलं असेल तरच फेसताना हवा धरतं आणि पांढरं, हलकं होतं. पातळ तुपात साखर नुसती विरघळते, मग नानकटाई भाजताना पसरून बिस्किटासारखी चपटी होते. त्या दिवशी हवाच इतकी तापलेली की तूप पाण्यासारखं. बेकरीच्या माठातलं पाणी परातीत घेतलं, त्यात तुपाचं भांडं ठेवलं आणि माझ्या मदतनीस मुलीने वरून ओलं फडकं टाकून पुठ्ठ्याने वारा घातला. आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून ओल्या फडक्यातलं पाणी झपाट्याने उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. माठही याच कारणाने सोलापुरात इतका गार होतो. कोकणात दमट हवेत त्याला एवढी साथ मिळत नाही. अर्ध्या तासात तूप कडेने दाणेदार व्हायला लागलं. तेवढं पुरलं.

पीठ अर्धा मैदा, अर्धी मालदांडी ज्वारी, आणि मूठभर बेसन. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या घरात तिला मान कायमच होता. ज्वारीत गव्हासारखं पीठ ताणून धरणारं ग्लुटेन नसतं, म्हणून तिचा पाव फुगत नाही. नानकटाईला तर तोंडात विरघळायचंच असतं, तिथे ज्वारीचं हेच अंग उपयोगी पडतं. चाचांनी पहिला घाणा काढल्यावर एक उचलून मोडून पाहिली, वास घेतला आणि म्हणाले, "जवारी? अच्छी खुली है." ते सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. मला फार बरं वाटलं.

भट्टीसमोर उभं राहिलं की अंगावरचा घाम वाळून मीठ राहतं. चाचांच्या सदऱ्यावर पाठीला पांढऱ्या रेघा होत्या. ते दर थोड्या वेळाने माठातून पाणी आणि एका बरणीतून मीठ-लिंबू घेत होते. मी बरोबर नेलेलं ताक सगळ्यांना दिलं. सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड, थोडा हिंग, आलं ठेचून. गोड रंगीत बाटल्यांनी तहान भागल्यासारखी वाटते, पण घामातून गेलेलं मीठ त्यातून फारसं परत येत नाही. उन्हात राबणाऱ्या माणसाला ताकच द्यावं, या माझ्या मताला त्या दुपारी आणखी बळ आलं.

घरी परतलो तेव्हा तीन वाजून गेले होते. लाईट नव्हतीच. बर्फाचा प्रश्न उभा राहिला. शेजारच्या मुलाने बर्फाची लादी आणून देतो म्हटलं, मी नको म्हणाले. मासे-भाजी टिकवायला लागणारा बर्फ कुठल्या पाण्याचा असतो कोण जाणे. असा बर्फ निळसर रंगाचाच हवा असा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला, तरी मुलांच्या पेल्यात मला संशयाचं काही नको होतं. दोन मोठे माठ आदल्या दिवशीच भरून ठेवले होते. नळाला पाणी काही दिवसांनी एकदा येतं, त्यामुळे घरात भरलेलं पाणी असतंच. त्याच पाण्यात पन्हं केलं. उकडलेल्या कैरीचा गर, त्याच्या दुप्पट गूळ, वेलची, आणि चवीपेक्षा किंचित जास्त मीठ. मीठ घातल्याने कैरीची चवही उठून येते.

आंबील रात्रीच ताकात भिजवलेल्या ज्वारीच्या पिठाची, सकाळी शिजवून ठेवलेली. माठातल्या पाण्यात पातेलं ठेवून गार केली, ताकाने सैल केली, वर ठेचलेला लसूण आणि कोथिंबीर. दुधाचं काही ठेवलं नव्हतं हे बरं झालं. फ्रिजशिवाय त्या उन्हात राहिलेल्या दुधाचा मिल्कशेक करायला मी धजले नसते.

हॉलमध्ये पंखेही बंद. बाईंनी सतरंज्या बाहेर कडुलिंबाखाली टाकल्या. मुलं धावून आलेली, गाल लाल. आधी पन्हं दिलं, मग खाणं. केकचे तुकडे पिवळेधमक, कडेला भट्टीचा तपकिरी रंग. एका मुलाने विचारलं, "काकू, याला क्रीम का नाही?" मी म्हटलं, "खाऊन बघ आणि मग सांग." तो दुसरा तुकडा घ्यायला आला तेव्हा क्रीमचं बोलला नाही. आंबिलीच्या पातेल्यापाशी आधी कुणी फिरकेना. मग बाईंनीच मोठा पेला भरून सगळ्यांसमोर प्यायला, आणि लसणाचा वास आवडणारी चार-पाच मुलं पुढे आली. पातेलं संपलं नाही, पण निम्मं गेलं. आयांनी मात्र कृती लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी भाजणावळ द्यायला पुन्हा बेगम पेठेत गेले. चाचांनी किलोच्या हिशोबाने जेवढे होतात तेवढेच घेतले. मी विचारलं, उन्हाळाभर दर गुरुवारी माझे साचे घ्याल का? ओव्हन आहे, पण नानकटाईला भट्टीची ती चव घरी येत नाही. ते म्हणाले, "ला. पर नौ के अंदर नै, दस के बाद. और सोडा इधर आके डाल."