होल नंबर 47

तापीकाठच्या काळ्या मातीत ऑगर, म्हणजे माती काढायचा लांब गिरमिट, हाताने फिरवून अडीच मीटर खाली जायचं म्हणजे काय, ते केलेल्यालाच ठाऊक. पहिला मीटर सरसर जातो. मग ओल लागते, माती पात्यांना चिकटते आणि दोन माणसं लोंबकळली तरी रॉड वर येत नाही. फेब्रुवारीत धुळे-नंदुरबारच्या शिवारात आम्ही दिवसाला सात-आठ होल मारत होतो. बांधावरून कुणीतरी हमखास विचारायचं, "तेल निघनं का, साहेब?"

तेल असलंच तर बेसाल्टच्या जाड थराखाली, जुन्या गाळाच्या खडकांत. बेसाल्टमधून भूकंपलहरी नीट परतत नाहीत, म्हणून मातीला विचारायचं. खाली तेलवायू असेल तर त्यातला अत्यल्प अंश भेगांमधून वर झिरपतो आणि काही मातीच्या, चुनखडीच्या कणांत अडकून बसतो. हिशेब अब्जांश भागांत. अशा कामात उजवा हात धुतला की डावाही धुवावा लागतो. डिझेल इंजिनपासून लांब, गोबरगॅसपासून लांब, रॉडला ग्रीस नाही. नमुना अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून पाकीट बंद. ही शिस्त मी नव्या पोरांच्या डोक्यात ठोकून भरली होती.

आणि मीच नऊ पाकिटं स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीत ठेवू दिली. भाड्याच्या घरात जागा नव्हती, दहाच दिवसांचा प्रश्न होता. सिलिंडरच्या रेग्युलेटरचा वास येतोय, असं आमचा आचारी दोनदा म्हणालाही होता. त्याचं नाक आमच्यापेक्षा बरं होतं.

लॅबमध्ये नमुना सुकवतात, पाण्याखाली 63 मायक्रॉनच्या चाळणीतून काढतात. त्यातली एक ग्रॅम बारीक माती निर्वात फ्लास्कमध्ये टाकून वरून फॉस्फोरिक आम्ल सोडतात. काळ्या मातीतली चुनखडी बघता बघता फसफसते. कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात विरतो, उरलेला वायू सिरिंजने क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे वायू वेगवेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात. कागदावर टोकं उमटतात. आम्ही त्यांना पीक म्हणतो, हे कळल्यावर एका शेतकऱ्याने विचारलं होतं, "बरं, यंदा उतारा किती?" चांगल्या नमुन्यात मिथेन सर्वांत उंच, मग इथेन, प्रोपेन, ब्युटेन, अशा उतरत्या पायऱ्या दिसतात.

त्या नऊ नमुन्यांत पायऱ्या उलट्या होत्या. इथेन ठेंगणा आणि प्रोपेन-ब्युटेन ताडासारखे. घरगुती गॅस म्हणजे मुख्यतः हेच दोन. मला घाम फुटला. साहेबांनी कागद दोन मिनिटं पाहिला आणि म्हणाले, "नऊच्या नऊ काढून टाक. अहवालात कारण लिहू नकोस, नमुने खराब झाले एवढंच लिही." साहेब वाईट माणूस नव्हे. पण आमच्याकडे चूक लपवायला जेवढी चपळाई असते, तेवढी ती समजून घ्यायला नसते.

मला मात्र एक गोष्ट टोचत राहिली. आम्लाने सुटणारा वायू कणाच्या आत घट्ट बसलेला असतो, मोकळा वायू सुकवताना आणि चाळताना उडून जातो, असं आमच्याच अहवालाच्या पहिल्या पानावर असतं. मग सिलिंडरचा गॅस दहा दिवसांत तिथे कसा बसला? वायू खरंच आत गेला, की आमची चाळणी म्हणावी तेवढी धूत नाही? हे मी बैठकीत विचारलं. चहा आला.

नवांतल्या आठ कागदांबद्दल माझी तक्रार नाही. नववा 47 नंबर. त्यात प्रोपेन-ब्युटेन वर होतेच, पण मिथेन आणि इथेनही आजूबाजूच्या होलांच्या कितीतरी वर होते. जिवाणू मिथेन भरपूर करतात, इथेन जेमतेम. म्हणून मिथेनला इथेन-प्रोपेनच्या बेरजेने भागून उत्तर दहाच्या खाली आलं की आम्ही कान टवकारतो. 47चं उत्तर दहाच्या बरंच खाली आलं. पण छेदातला प्रोपेनच स्वयंपाकघराचा, तर तो भागाकार काय कामाचा! प्रोपेन वगळून नुसत्या मिथेन-इथेनकडे पाहिलं तरी नमुना भारी दिसत होता. सिलिंडरमध्ये थोडा इथेनही असू शकतो हे खरं, पण मग बाकी आठांत तो का नाही चढला? आणि मिथेन कुठून आला? कार्बनच्या समस्थानिकांनी, म्हणजे वायूतल्या हलक्या-जड कार्बनच्या प्रमाणावरून, निवाडा झाला असता, पण तेवढा वायूच उरला नव्हता.

त्यात 47 नंबर एका डाइकपासून पन्नास-साठ पावलांवर. त्या भागात शिवारं कापत जाणाऱ्या बेसाल्टच्या अशा भिंती खूप आहेत, आणि त्यांच्या कडेने वायूला वर यायला वाट मिळू शकते. साहेबांचं म्हणणं, एका होलावर नकाशा काढत नाहीत. तेही बरोबर.

मे महिन्यात दुसऱ्या कामाने तिकडे गेलो, तेव्हा गाडीत ऑगर टाकून घेतला. जीपीएस धरून चालत गेलो तर समोर शेततळं. तीन मीटर खोल, आत काळा प्लास्टिक कागद अंथरलेला, टँकर पाणी सोडत होता. शेतमालक कौतुकाने तळ्याभोवती फिरवून दाखवू लागला. जेसीबीने उपसलेली माती बांधावर रचली होती, वरून सुकून भेगाळलेली, वरची-खालची एक झालेली. मी एक ढेकूळ उचललं, खिशातल्या बाटलीतून आम्लाचा थेंब सोडला. फसफसलं. त्या शिवारातलं कुठलंही ढेकूळ फसफसलं असतं.

"काय निघनं, साहेब?" मालकाने विचारलं.

"चुना," मी म्हटलं आणि ऑगर परत गाडीत ठेवला.