दुपारी चारपर्यंत

26 ऑगस्ट 2025, मंगळवार. दुसऱ्या दिवशी गणपती, घरी मखर अर्धवट पडलेलं आणि मी पहाटे पाचला ऑफिसात. मी अमेरिकेत एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या एका टीमच्या व्हिडिओ विभागात आहे, टीमचं नाव नाही घेत. त्या दिवशी दुपारी चारच्या आत सगळ्या टीम्सना 90 खेळाडूंवरून 53 वर यायचं होतं, म्हणजे 37 जणांना नारळ. ज्याला काढतात तो आपला टॅबलेट आमच्या खोलीत जमा करून जातो, कारण प्लेबुक म्हणजे टीमचे सगळे डावपेच, क्लिप्स सगळं त्यातच असतं. फार वाईट वाटतं, पोरं नजर वर करत नाहीत.

वाद होता आमच्या राइट टॅकलवर. ऑफेन्सिव्ह लाइनमधली पाच माणसं क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, वाचवतात. मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड आणि टॅकल म्हणजे दोन्ही टोकांचे, क्वार्टरबॅकला पाडायला धावणारे सगळ्यात वेगवान रशर त्यांच्याच अंगावर येतात. हा पोरगा एका मॅचला भिंत आणि पुढच्या मॅचला असा ढिला की क्वार्टरबॅक आडवा. जनरल मॅनेजर (जीएम) म्हणत होते सोडा, लाइनचे कोच म्हणत होते ठेवा, आणि मला आदल्या रात्री सांगितलं की गेल्या सीझनमधले त्याचे सगळे खराब स्नॅप, म्हणजे एकेक डाव, एकत्र काढून दे.

काढता काढता एक गोष्ट दिसली, बहुतेक सगळे बाहेरच्या मैदानावरचे. एक फ्रेम थांबवली, बॉल सेंटरच्या हातून सुटलाय, बाकी चौघांचे पाय हललेत आणि याचा उजवा पाय अजून जमिनीला चिकटलेला, मान आत वळलेली. बाहेरच्या मैदानावर एवढा आरडाओरडा असतो की बॉल सोडायचा क्वार्टरबॅकचा आवाज ऐकूच येत नाही, मग गार्ड मागे बघून सेंटरला हाताने खूण करतो आणि टॅकलला बॉलकडे बघत बसावं लागतं, याची मान परत बाहेर वळेपर्यंत रशर खांद्याशी पोचलेला, मग हा घाबरून जर्सी धरतो, होल्डिंगचा फाउल, दंड म्हणून टीम 10 यार्ड मागे. घरच्या मैदानावर आवाज ऐकू येतो तिथे हाच सगळ्यात आधी हलतो!

मीटिंगमध्ये ती फ्रेम दाखवली. जीएम म्हणाले, बाहेरच्या मैदानावर खेळता येत नाही तो टॅकल काय कामाचा? खरंच होतं त्यांचं. पण गार्ड जखमी झाल्यावर एकदा यालाच अर्धी मॅच आत, गार्डच्या जागी, खेळवलं होतं, तेही बाहेरच्याच मैदानावर, ते स्नॅप मी मुद्दाम शेवटी ठेवले होते. आत समोरचा माणूस हाताच्या अंतरावर, मान वळवली तरी नजरेतून सुटत नाही, आणि याची ताकद तर अफाट, समोरच्याला जागचा हलू देत नव्हता. कोचनी लगेच मेकाय बेक्टनचं नाव काढलं. 2020 ला न्यूयॉर्क जेट्स टीमनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, 11 व्या नंबरवर घेतलेला टॅकल, तिथे दुखापतींत वर्षं गेली, मग फिलाडेल्फिया ईगल्स टीमनी त्याला राइट गार्ड केला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये त्याच लाइनमागे ईगल्सनी सुपर बोल म्हणजे लीगची फायनल जिंकली, 40-22. माझं स्पष्ट मत होतं की याला टॅकल म्हणून ठेवू नका, पण घालवूही नका. जीएम काहीच बोलले नाहीत, लॅपटॉप बंद करून उठले.

मग मी खोलीत बसून दाराकडे बघत राहिलो. टॅबलेट येत होते, एकेक, टेबलावर चळत लागली. तीन वाजले, साडेतीन वाजले, प्रत्येक वेळी दार उघडलं की छातीत धस्स व्हायचं. चार वाजले. त्याचा आला नव्हता.

साडेपाचला तो आला, टॅबलेट हातातच. म्हणाला, कोच म्हणतात आता आत खेळायचं, गार्डच्या जेवढ्या क्लिप्स असतील तेवढ्या टाकून दे. टाकायला चाळीस मिनिटं लागली, तोवर तो तिथेच उभा होता.